विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात शिकताना : बी.एड., एम.एड. आणि पुढील वाटा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील विद्यापीठांत शिक्षक-शिक्षणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदवीधरांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहेत. प्रवेशाच्या तारखा, शुल्क आणि जागांची संख्या दरवर्षी बदलते. त्यांसाठी संबंधित विद्यापीठाची आणि राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाची चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आणि संलग्न बी.एड. महाविद्यालय यांत फरक काय?

पदवीच्या मोलात फरक नाही. दोन्हीकडे पदवी विद्यापीठच देते आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे, म्हणजे एनसीटीईचे, निकष दोघांनाही सारखेच बंधनकारक असतात. फरक आहे तो सहवासाचा. विभाग विद्यापीठाच्या आवारात असतो, त्यामुळे गणित, भूगोल, मराठी, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांचे विभाग चालत जाण्याच्या अंतरावर असतात, मुख्य ग्रंथालय खुले असते, आणि बी.एड.चा किंवा एम.एड.चा विद्यार्थी ज्या इमारतीत शिकतो तिथेच पीएच.डी.चे संशोधकही काम करत असतात.

या सहवासाचे महत्त्व फार पूर्वी ओळखले गेले आहे. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने १९१७ ते १९१९ या काळातच विद्यापीठांमध्ये शिक्षणशास्त्राचे विभाग असावेत, असे सुचवले होते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षक-शिक्षणाच्या दुखण्याचे निदान करताना तिहेरी तुटलेपणावर बोट ठेवले : प्रशिक्षण संस्था विद्यापीठीय ज्ञानजीवनापासून तुटलेल्या आहेत, शाळांपासून तुटलेल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत. विद्यापीठातील विभाग हा यांतील पहिल्या तुटलेपणावरचा उपाय आहे; मात्र तो आपोआप लागू पडत नाही. इतिहासाची अध्यापन पद्धती निवडलेला विद्यार्थी दोन वर्षांत इतिहास विभागाच्या एकाही व्याख्यानाला गेला नाही, तर आवारात असूनही तो बाहेरच राहिला, असे म्हणावे लागेल. दुसरे तुटलेपण, म्हणजे शाळांपासूनचे अंतर, विभागांना अधिक सोसावे लागते. म्हणून प्रवेश घेताना विभागाचा कोणत्या शाळांशी कायमचा संबंध आहे आणि प्राध्यापक स्वतः त्या शाळांत किती वेळा जातात, हे अवश्य विचारावे. इमारतीपेक्षा आणि निकालाच्या टक्केवारीपेक्षा ही माहिती मला अधिक मोलाची वाटते.

विभागात कोणकोणते अभ्यासक्रम असतात?

बहुतेक विभागांत एम.एड., एम.ए. शिक्षणशास्त्र आणि पीएच.डी. यांपैकी काही अभ्यासक्रम असतात. काही ठिकाणी बी.एड.ही असते. पदव्युत्तर पदवीधरांसाठी बी.एड. व एम.एड. एकत्र असलेला तीन वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम एनसीटीईच्या २०१४ च्या विनियमांत आहे. त्यासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. आपल्या पसंतीच्या विभागात यांपैकी काय चालू आहे, हे त्या वर्षीच्या प्रवेशसूचनेवरून पाहावे.

एम.ए. शिक्षणशास्त्र आणि एम.एड. एकच आहेत का?

नाहीत, आणि हा गोंधळ महागात पडतो. एम.ए. शिक्षणशास्त्र ही शिक्षण या ज्ञानशाखेतील सामान्य पदव्युत्तर पदवी आहे. तिला प्रवेश घेण्यासाठी बी.एड. असण्याची सक्ती सहसा नसते. एम.एड. ही व्यावसायिक पदवी आहे. ती शिक्षकांना घडवणारे शिक्षक तयार करते. तिच्या प्रवेशासाठी बी.एड. किंवा तत्सम पदवी, अथवा पदवीसह डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका), किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावे लागते.

बी.एड. महाविद्यालयात अध्यापन पद्धतीचे विषय शिकवायचे असतील, तर शालेय विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही पदव्या ५५ टक्क्यांनी हव्यात. शिक्षणाच्या तात्त्विक आणि सामाजिक पायाचे विषय शिकवण्यासाठी मात्र ५५ टक्क्यांसह एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड. हा पर्यायही विनियमांत दिलेला आहे. धोरण, स्वयंसेवी संस्था, अभ्यासक्रम-लेखन किंवा संशोधन या क्षेत्रांत जायचे असेल आणि बी.एड. झालेले नसेल, तर एम.ए. हा चांगला मार्ग आहे. केवळ एम.ए. शिक्षणशास्त्राच्या बळावर शाळेत शिक्षक होता येत नाही.

बी.एड.साठी पात्रता काय?

विज्ञान, सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या किंवा वाणिज्य शाखेतील पदवीला अथवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. विज्ञान व गणितातील विशेषीकरणासह अभियांत्रिकीची पदवी असल्यास ही अट ५५ टक्क्यांची आहे. राखीव प्रवर्गांना राज्याच्या नियमांनुसार सवलत मिळते.

प्रवेश परीक्षेचे स्वरूप कसे असते?

महाराष्ट्रात सामायिक प्रवेश परीक्षा राज्य सीईटी कक्ष घेतो. बी.एड.ची परीक्षा संगणकावर होते. १०० बहुपर्यायी प्रश्नांसाठी ९० मिनिटे मिळतात आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता हे तिचे तीन भाग आहेत. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असेल, तर इंग्रजी भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागते. एम.एड.साठी स्वतंत्र सीईटी आहे. परीक्षेनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरावा लागतो. तो घाईने भरल्यामुळे चांगले गुण असूनही नको ते ठिकाण पदरी पडलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

दोन वर्षांत नेमके काय शिकवतात?

अभ्यासक्रमाचे तीन प्रवाह आहेत. पहिल्यात बालपण आणि वाढ, समकालीन भारत व शिक्षण, ज्ञान व अभ्यासक्रम, लिंगभाव, समावेशक शाळा हे विषय येतात. दुसरा प्रवाह शालेय विषयांच्या अध्यापन पद्धतींचा आणि मूल्यमापनाचा आहे. तिसरा प्रवाह स्वतःच्या क्षमता वाढवण्याचा : वाचन आणि त्यावरील चिंतन, नाट्य व कला, माहिती-तंत्रज्ञान, स्वतःची ओळख. या तिसऱ्या प्रवाहाकडे विद्यार्थी आणि काही वेळा विभागही सत्रकार्याच्या वह्या भरण्यापुरते पाहतात. हे दुर्दैवी आहे, कारण मोठ्याने वाचता न येणारा भाषाशिक्षक वर्गात कवितेचा जीव घेतो, आणि मोठ्याने वाचायला दुसरीकडे कुठेही शिकवत नाहीत.

सूक्ष्म अध्यापन आणि सराव पाठ यांना इतके महत्त्व का दिले जाते?

अध्यापन हे अनेक कौशल्यांचे मिश्रण आहे आणि ती कौशल्ये सुटी करून सरावता येतात, हा सूक्ष्म अध्यापनामागचा विचार. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तो आकाराला आला. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, आराखड्यानुसार एक चक्र ३६ मिनिटांचे असते : ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणे), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनरध्यापन आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. विद्यार्थ्यांच्या जागी सहाध्यायीच बसतात, आणि एका वेळी एकच कौशल्य हाताळले जाते. प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण, दिग्दर्शन, फलकलेखन, चेतक-बदल (आवाज, हालचाल बदलून लक्ष टिकवणे), प्रबलन (शाबासकी देऊन प्रोत्साहन) यांपैकी कोणतेही एक.

या चक्रातील सर्वांत मोठा वाटा पुनर्नियोजनाचा आहे, याकडे लक्ष द्यावे. शिकवून झाल्यावर निरीक्षकाने काय सांगितले, ते ऐकणे सोपे. त्यानुसार तेच सहा मिनिटांचे अध्यापन बारा मिनिटांत पुन्हा बांधणे अवघड. तिथेच शिक्षक घडतो. घाईत असलेल्या ठिकाणी नेमका हाच टप्पा गाळला जातो आणि ‘छान झाले, आवाज थोडा वाढवा’ एवढ्या शेऱ्यावर चक्र संपते.

त्यानंतर सेतू पाठ (सुटी सरावलेली कौशल्ये एकत्र जोडणारे पाठ) आणि मग प्रत्यक्ष शाळेतील सराव पाठ येतात. येथे मुले खरी असतात, आणि खरी मुले अपेक्षित उत्तरे देत नाहीत. समजा, सहावीच्या वर्गात छात्राध्यापकाने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज विचारली आणि एका मुलीने ‘दोन पंचमांश’ असे सांगितले. नवखा छात्राध्यापक ‘चूक, पुढचा कोण सांगेल?’ म्हणून बरोबर उत्तर मिळेपर्यंत हात वर केलेल्यांकडे फिरतो, आणि टाचणातील वेळापत्रक सांभाळले म्हणून सुखावतो. तयार शिक्षक त्या मुलीला ‘तू कसे काढलेस?’ असे विचारतो. तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, हे पुढे येते. म्हणजे अपूर्णांकाला ती एक संख्या न मानता वर-खाली लिहिलेल्या दोन संख्या मानते आहे. मग तो तिलाच विचारतो, की दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे झाले? त्या क्षणी सगळा वर्ग गणित करू लागतो. ही दृष्टी पुस्तक वाचून येत नाही. अनेक पाठ घेतल्यावर, कोणीतरी मागच्या बाकावर बसून ते पाहिल्यावर आणि नंतर त्यावर मोकळेपणाने बोलल्यावरच ती येते.

पाठ टाचण लिहिणे हा निव्वळ कागदी खटाटोप आहे, असे का वाटते?

बरेचदा तो तसाच करून टाकला जातो, म्हणून. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन आणि गृहपाठ हा जो क्रम आपल्याकडे रूढ आहे, त्याची मुळे जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या परंपरेत आहेत. क्रम उपयुक्त आहे, पण तो विचार करण्यासाठी आहे. वरिष्ठांकडून आलेले टाचण उतरवून काढणाऱ्याला त्या वर्गातील मुलांना आधीपासून काय येते, हे ठाऊकच नसते. टाचणात ‘विद्यार्थी कोणती चूक करण्याची शक्यता आहे’ हा एक रकाना स्वतःहून वाढवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. विभागाच्या नमुन्यात तो नसला तरीही.

आंतरवासिता (शाळेत राहून घ्यायचा प्रत्यक्ष अनुभव) किती काळाची असते आणि त्यात काय करावे लागते?

विनियमांनुसार किमान २० आठवडे : पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. या काळात छात्राध्यापकाने शाळेचा पूर्ण दिवस शाळेतच राहावे, अशी अपेक्षा असते. परिपाठ, हजेरीपट, पोषण आहार, पालकसभा, घटक चाचणीचा आराखडा, आकारिक व संकलित मूल्यमापनाच्या नोंदी, स्नेहसंमेलनाची तयारी यांपैकी काहीही आपल्या कामाबाहेरचे मानू नये. शाळेतील अनुभवी शिक्षकाचे सलग निरीक्षण करणे हा आंतरवासितेचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दंगा करणारा वर्ग एखादी बाई आवाज न चढवता कसा शांत करतात, हे पाहण्याची संधी नोकरी लागल्यावर सहसा मिळत नाही, कारण तेव्हा आपणही दुसऱ्या वर्गावर असतो.

शाळेच्या बाजूनेही काही अडचणी असतात. रिकाम्या तासाला पाठवायला माणूस मिळाला, असे काही शाळांत समजले जाते. काही मुख्याध्यापकांना अभ्यासक्रम मागे पडण्याची चिंता असते आणि ती रास्तही असते. विभागाचा मार्गदर्शक आणि शाळेचा विषयशिक्षक यांची आंतरवासितेपूर्वी एकत्र बैठक होत असेल, तर या दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात.

नोकरी सांभाळून किंवा केवळ परीक्षेपुरते येऊन बी.एड. करता येईल का?

नियमित बी.एड. तसे करता येत नाही आणि कोणी तसे आश्वासन देत असेल, तर तिथे प्रवेश घेऊ नये. वर्षाला किमान २०० कार्यदिवस, लेखी विषय व प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के आणि आंतरवासितेसाठी ९० टक्के उपस्थिती असा नियम आहे. कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात शून्य अशा उपस्थितीवर मिळवलेल्या पदवीची किंमत पुढे चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग मोजतो. त्या मुलांनी तर कोणताही प्रवेश अर्ज भरलेला नसतो.

सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांतून दूरशिक्षणाचा मार्ग आहे. मात्र त्यासाठी डी.एल.एड.सारखे प्रशिक्षण आधी झालेले असावे लागते. नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांत पूर्ण झाला नाही, तर प्रवेशापासून कमाल तीन वर्षांची मुदत मिळते.

मान्यता कशी तपासावी?

एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि प्रवेशक्षमता या तिन्ही गोष्टी तिथे ताडून पाहाव्यात. एनसीटीई अधिनियम, १९९३ च्या कलम १७ नुसार मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी सरकारी आणि अनुदानित शाळांतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे बी.एड. विशेष शिक्षण मात्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येते, त्यामुळे त्याची मान्यता त्या परिषदेकडे तपासावी.

बी.एड. झाल्यावर पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नोकरी मिळेल का?

नाही. एनसीटीईने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती तरतूद टिकणारी नाही असे ठरवले. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे आहे आणि त्याचे शिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळते, ही न्यायालयाची भूमिका शैक्षणिकदृष्ट्या योग्यच आहे. पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवणे हे दहावीला व्याकरण शिकवण्यापेक्षा सोपे काम आहे, हा समज आपण सर्वांनीच सोडायला हवा. बी.एड.धारकांसाठी सहावीपासून पुढचे वर्ग आहेत.

पदवीनंतर नोकरीपर्यंतचे टप्पे कोणते?

सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, तर केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. दोन्ही १५० गुणांच्या असून खुल्या प्रवर्गासाठी उत्तीर्णतेची अट ६० टक्के आहे, आणि प्रमाणपत्र आता आजीवन वैध असते. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, आणि तिच्या गुणांवर ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या ऑनलाइन पोर्टलमार्फत भरती. टीईटी आणि टेट या वेगळ्या परीक्षा आहेत. पहिली पात्रता ठरवते, दुसरी गुणवत्तायादी.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. २०२३ मध्ये हे मानधन प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये करण्यात आले. भरती अनियमित असते, हे प्रवेश घेतानाच घरच्यांशी स्पष्ट बोलून ठेवावे. दोन भरतींमधील वर्षे अनेक उमेदवारांना खासगी शाळांत अत्यल्प पगारावर काढावी लागतात, आणि या वस्तुस्थितीबद्दल विभागांनी विद्यार्थ्यांशी प्रामाणिक राहिले पाहिजे.

दोन वर्षांचे बी.एड. बंद होणार आहे का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे उद्दिष्ट आहे. हा एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम निवडक संस्थांत २०२३–२४ पासून सुरू झाला. तथापि आधीच पदवी घेतलेल्यांसाठी दोन वर्षांचे, आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. हेही त्याच धोरणात नमूद आहे. सध्याचा पदवीधर म्हणून आपण घेतलेली मान्यताप्राप्त पदवी धोरण बदलल्यामुळे रद्द होत नाही. बारावीनंतर लगेच शिक्षक व्हायचे पक्के असेल, तर मात्र चार वर्षांच्या कार्यक्रमाचा विचार आधी करावा. एक वर्ष वाचते.

मराठीतून शिकता आणि लिहिता येते का?

महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत बी.एड. आणि एम.एड.च्या उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येतात. त्या विद्यापीठाचा नियम पाहून घ्यावा. अडचण संदर्भसाहित्याची येते. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रातील नवे लेखन बहुतांशी इंग्रजीत आहे. त्यामुळे वाचन दोन्ही भाषांत आणि लेखन ज्या भाषेत विचार नेमका मांडता येतो त्या भाषेत, हे धोरण ठेवावे. मराठी शाळेत शिकवणाऱ्याने शिक्षणाचा विचार मराठीत करायला शिकणे हे कमीपणाचे तर नाहीच, उलट आवश्यक आहे.

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी विषय कसा निवडावा?

एम.एड.मध्ये लघुशोधप्रबंध अनिवार्य आहे. ‘अमुक तालुक्यातील शिक्षकांची तमुक विषयाकडे पाहण्याची अभिवृत्ती’ या साच्यातील प्रबंधांनी ग्रंथालयांची कपाटे भरली आहेत. त्यांत प्रश्नावली असते, टक्केवारी असते, पण उत्तर मिळावे अशी ओढ असलेला प्रश्न नसतो. वर्गात जे खटकले, तिथून सुरुवात करावी. पावरी किंवा गोंडी बोलणारी मुले प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक वाचताना कुठे अडतात. ऊसतोडणीच्या हंगामात पालकांबरोबर स्थलांतर करून परत आलेल्या मुलांना शाळा पुन्हा कशी सामावून घेते. शाब्दिक उदाहरणे सोडवताना मुले गणितात चुकतात की वाचनात. असे प्रश्न लहान नमुन्यावर, दोन-तीन शाळांत बसून अभ्यासता येतात. मार्गदर्शक ठरवण्यापूर्वी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झालेले दोन प्रबंध काढून वाचावेत.

पीएच.डी. कधी करावी?

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण ही सर्वसाधारण अट आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या विनियमांनुसार किमान मुदत तीन वर्षांची आहे. प्राध्यापकपदासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), किंवा महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती सेट (राज्य पात्रता परीक्षा), शिक्षणशास्त्र विषयातून देता येते. शक्य असल्यास आधी काही वर्षे शाळेत शिकवावे. शाळेत कधीच न शिकवलेला शिक्षक-प्रशिक्षक वर्गाविषयी बोलतो तेव्हा विद्यार्थ्यांना ते लगेच जाणवते.

महाराष्ट्राबाहेर कोणते पर्याय आहेत?

एनसीईआरटीच्या भोपाळ येथील प्रादेशिक शिक्षण संस्थेचे कार्यक्षेत्र महाराष्ट्र आणि गोव्यालाही सामावून घेते, तिथे बी.एड., एम.एड. आणि एकात्मिक अभ्यासक्रम चालतात, आणि प्रात्यक्षिकांसाठी संस्थेची स्वतःची शाळा आवारातच आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या विद्याशाखेला शैक्षणिक संशोधनाची मोठी परंपरा आहे. गोव्यात पणजी आणि फोंडा येथे बी.एड.ची जुनी महाविद्यालये आहेत. परराज्यात शिकताना आंतरवासिता तिथल्या भाषेच्या शाळेत करावी लागू शकते. महाराष्ट्रात परतून मराठी शाळेत शिकवायचे असेल, तर निदान काही आठवड्यांची आंतरवासिता मराठी माध्यमाच्या शाळेत करण्याची परवानगी मिळेल का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे.